अस्वलाचा वास

लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या काकू हिवाळा सरल्यावर घरी परतल्या, आणि अंगावरचा कोट न काढताच थेट समोरच्या खोलीतल्या कपाटापाशी गेल्या.

"अगं चिमे, आधी बस तरी. पाणी पी," मागून दादा म्हणाला. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. आयुष्यभर शहराची बस चालवून निवृत्त झालेला. बायको गेल्यापासून तो काकूंकडेच राहत होता. साठी उलटलेल्या बहिणीला अजूनही 'चिमे' म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता.

काकूंनी तोवर कपाटाचं काचेचं दार उघडलंसुद्धा होतं.

कपाटात जनावरं होती. अस्वल, घुबड, रानडुक्कर, कोल्हा, डोक्यावर टोपी घातलेला कुत्रा, पोट सुटलेलं मांजर. सगळी लाकडात कोरलेली, सगळी जुनी, आणि सगळी आतून पोकळ. डोकं मागे कलंडलं की पोटात पत्र्याचं अस्तर लावलेला खण दिसायचा. एके काळी पाइप ओढणारी माणसं त्यात आपली तंबाखू ठेवत. टेबलावर अस्वल बसलेलं असायचं; मालक त्याचं मुंडकं उघडायचा, चिमूटभर तंबाखू काढायचा आणि मुंडकं पुन्हा बसवायचा.

काकूंनी जन्मात कधी तंबाखूला हात लावला नव्हता. त्यांना हा नाद लागला तो डोळ्यांमुळे. त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत. एकदा एक म्हातारे गिऱ्हाईक पिशवीतून लाकडी अस्वल घेऊन आले. त्याचा डावा काचेचा डोळा पडून हरवला होता. "बाई, माणसांना चष्मे लावता, याला एक डोळा लावून द्याल का?" दुकानातली सगळी हसली. काकूंनी मात्र उन्हाच्या चष्म्याची एक तपकिरी काच घेतली, घासून घासून वाटाण्याएवढी केली आणि बसवली. रंग किंचित लालसर आला. पण अस्वल असं काही बघायला लागलं की म्हाताऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पुढे ते वारले तेव्हा त्यांच्या मुलाने अस्वल काकूंना आणून दिलं. तिथून सुरुवात झाली. मग जुन्या बाजारात, मोडीच्या दुकानात, घर रिकामं करणाऱ्यांच्या अंगणात, जिथे म्हणून लाकडी शेपूट दिसेल तिथे काकू उभ्या.

आता त्यांनी नेहमीप्रमाणे पहिल्यांदा अस्वलच उचललं. मुंडकं उघडलं, आत नाक घातलं आणि डोळे मिटले. ही त्यांची घरी आल्याची खूण. शंभर वर्षांची तंबाखू लाकडात मुरलेली असायची. गोडसर, थोडा मधासारखा, थोडा जुन्या कपाटासारखा वास.

वास नव्हता.

काकूंनी पुन्हा नाक घातलं. चांगला खोल श्वास घेतला. काही नाही. रिकाम्या डब्याला येतो तेवढाही नाही.

"सर्दी झालीय वाटतं मला," त्या म्हणाल्या.

"प्रवास केवढा झालाय!" दादा लगेच म्हणाला. "गाडीतली हवा बाधते. चल, सूप गरम केलंय. आणि काय गं, मुलगा झाला की मुलगी?"

"मुलगी! फोनवर सांगितलं नव्हतं का तुला? तूच तर ओरडलास आनंदाने."

"हो हो, मुलगी. मला वजन विचारायचं होतं."

काकूंचं लक्ष अजून अस्वलातच होतं. कपाटाशेजारची दादाची आरामखुर्ची दिसत नव्हती, तेही त्यांना जेवताना ध्यानात आलं. "मोडली," एवढंच दादा म्हणाला आणि मिठाची बाटली पुढे केली.

सर्दी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा वास आला, शेजारच्यांच्या साबणाचा आला, जिन्यात कुणाच्या तरी ओल्या कुत्र्याचा आला. काकू पुन्हा कपाटापाशी गेल्या. कोल्ह्यात नाक घातलं तर वास होता, तस्साच, जुना. मांजरात होता. अस्वलात नव्हता. घुबडात नव्हता. मग त्यांनी कोल्हा पुन्हा हुंगला, तर इतक्यांदा हुंगून हुंगून त्यातलाही वास पुसट झाल्यासारखा वाटला, आणि पुढची जनावरं हुंगायचा त्यांना धीर झाला नाही.

कारण आईचं असंच सुरू झालं होतं. चुलीवर दूध करपून घरभर धूर झाला होता आणि आई शेजारीच शांतपणे भाजी निवडत बसली होती. "कसला वास? मला तर काही नाही येत." आधी वास गेले. मग शब्द गेले. मग लेकरांची नावं गेली, आणि शेवटी शेवटी ती काकूंना 'अहो बाई' म्हणायची. काकूंनी सगळं स्वतःच्या हाताने केलं होतं. पाठीला हात लावून आंघोळ घालताना आई विचारायची, "तुम्ही कुणाच्या?"

काकूंनी कुणाला काही सांगितलं नाही. स्वतःचीच परीक्षा घ्यायला लागल्या. डोळे मिटून मसाल्याच्या बाटल्या हुंगायच्या आणि ओळखायच्या. लवंग, दालचिनी, मिरी. सगळं बरोबर. दुकानातल्या जुन्या मंडळींची नावं आठवायची. बरोबर. मग अस्वल घ्यायचं हातात, आणि तिथे घोडं अडायचं.

आता तर नुसता वासच नव्हे, अस्वल हाताला जडसुद्धा लागत होतं. पाठीवरच्या केसांच्या रेषा त्यांना नीट पाठ होत्या. आता त्या जरा जास्तच सरळ वाटत होत्या, भांग पाडल्यासारख्या. रोज पुसून पुसून आपणच झिजवल्या असतील? पण झिजल्यावर रेषा पुसट होतील, सरळ कशा होतील? घुबडाच्या कानावरचं एक पीस तुटलेलं होतं ना? की ते त्या बाजारात पाहिलेल्या, घ्यायच्या राहून गेलेल्या घुबडाचं? काकूंनी अस्वल खिडकीशी नेलं, उजेडात धरलं. डावा डोळा लालसर. कडेला त्यांच्याच कानशीचा बारीक ओरखडा. हा डोळा त्यांनी घडवला होता. तो ओळखण्यात त्या मेल्या तरी चुकल्या नसत्या. म्हणजे अस्वल तेच होतं. बदललेल्या होत्या त्या काकूच.

"दादा, हे अस्वल तुला वेगळं दिसतं का रे?" एकदा न राहवून त्यांनी विचारलं.

दादा वर्तमानपत्रामागून बाहेर आला नाही. "अस्वल ते अस्वल. वेगळं काय दिसायचंय?"

आणि मग त्या आठवड्यात कहरच झाला. सकाळी काकूंनी सहज मुंडकं उघडलं, तर भपकन तंबाखूचा वास अंगावर आला. जुना नव्हे. ताजा, ओला, नाकाला झोंबणारा, दुकानात आत्ता पुडी फोडल्यासारखा. काकूंच्या हातून मुंडकं सुटलंच. आत बोट फिरवलं, तर खण रिकामा. आता नसलेले वास यायला लागले! आईला नव्हती का, बंद खिडकीबाहेर गाणारी माणसं ऐकू येत?

दुपारी त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली. दादाला म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर तपासायचाय." जन्म चष्म्यांत घालवलेली बाई नंबर तपासायला डॉक्टरकडे जाते, हे दादाला पटलं नसणार. तो कोट घालून दारात उभाच. "मी येतो. एकटी नको जाऊस."

डॉक्टर तरुण होत्या आणि चेहरा दमलेला असला तरी आवाज मऊ होता. काकूंनी दादाला बाहेर बसवायचं ठरवलं होतं, पण तो आत आला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर टोपी मांडीवर घेऊन बसला. मग काकूंचाही नाइलाज झाला. त्या सांगायला लागल्या. आईचं सांगितलं. अस्वलाचं सांगितलं. घुबडाचं पीस, सरळ झालेल्या रेषा, नसलेल्या तंबाखूचा वास.

"मला खरं काय ते सांगा," त्या म्हणाल्या. "लेकीला बाळ लहान आहे. तिच्यावर हे पडायला नको. कुठल्या वृद्धाश्रमात नाव नोंदवायचं असेल तर मी आत्ताच नोंदवते, डोकं ठिकाणावर आहे तोवर."

"काकू, थांबा जरा, आधी आपण—" डॉक्टर म्हणाल्या.

"तिचं डोकं ठिकाणावर आहे," दादा म्हणाला.

दोघी वळल्या. दादा उभा राहिला होता. टोपी खाली पडली होती.

"अस्वल मी बदललं. अस्वल, घुबड आणि... चार बदलली. चिमे, भुंगा लागला होता गं. माझ्या खुर्चीतून. मागच्या वर्षी मी ती फुटपाथवरून उचलून आणली ना, कुणीतरी टाकून दिलेली, तिच्यात होता. तू गेलीस आणि एक दिवस बघतो तर खालच्या फळीवर लाकडाचं पीठ सांडलेलं. अस्वल उचललं तर हातात तळ सुटून आला. नुसती भोकं. काय करू? तू फोनवर रोज विचारायचीस, माझी जनावरं कशी आहेत म्हणून."

काकूंनी खाली पडलेली टोपी उचलली.

"बस डेपोमागे एक नक्षीवाला आहे. चौकटी कोरतो, पलंग कोरतो. त्याला दाखवलं. तो म्हणाला, ही वाचत नाहीत, जाळून टाका, नाहीतर बाकीचीही जातील. मी म्हटलं, जाळतो, पण आधी हुबेहूब करून दे. डोळे तेवढे जुनेच काढून बसव म्हटलं, डोळे ती ओळखेल."

"आणि तो वास?" काकूंनी विचारलं.

"तू सारखी हुंगत होतीस. म्हणून मी पुडी आणून रात्रभर आत ठेवली. सकाळी काढून घेतली. मला वाटलं, तुला बरं वाटेल."

डॉक्टरांनी तोंडावर हात धरला. हसू दाबायला की आणखी कशाला, कळलं नाही.

रस्त्यावर आल्यावर काकू दादाच्या चार पावलं पुढे चालत होत्या. त्यांना स्वतःचंच काही कळत नव्हतं. नाक शाबूत आहे, डोकं शाबूत आहे, म्हणून पायांत बळ आल्यासारखं वाटत होतं. आणि अस्वल जळालं, हे आठवलं की तीच पावलं मंदावत होती. दादाची मान मुरगळावी असं वाटत होतं. आणि रात्री चोरासारखं उठून अस्वलाच्या पोटात तंबाखू भरणारा हा म्हातारा डोळ्यांपुढे आला की हसू फुटत होतं. एका दुकानाच्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. ओठ हसत होते आणि गाल ओले होते. मागून एक बाई त्यांना वळसा घालून घाईने पुढे गेली.

"चौथं कोणतं?" त्या एकदम थांबून म्हणाल्या.

"काय?"

"अस्वल, घुबड. तिसरं कोणतं आणि चौथं कोणतं? मला दोनच कळली. उरलेली दोन मी इतके दिवस खरी समजून पुसतेय."

"रानडुक्कर," दादा म्हणाला. "आणि..." तो विचारात पडला. "कुत्रा. नाही, कोल्हा. कोल्हा असणार."

"कोल्ह्याला वास आहे. कोल्हा जुनाच आहे."

"मग कुत्रा."

"असणार काय, दादा? तूच नेलीस ना?"

"अगं, झाले की महिने!" तो चिडला. त्याच्या चिडण्यात काहीतरी होतं. काकूंना तेव्हा ते नीट उमगलं नाही. "चल, नक्षीवाल्यालाच विचारू. इथून जवळ आहे."

जवळ होतं खरं, पण दादा दोन गल्ल्या चुकला. ज्या डेपोतून त्याने जन्मभर बस बाहेर काढली त्या डेपोमागची गल्ली. "सगळं नवीन बांधलंय मेल्यांनी," तो पुटपुटला. काकूंनी पाहिलं, तर भिंती काळ्या पडलेल्या होत्या आणि पाट्या गंजलेल्या. नवीन काहीच नव्हतं.

नक्षीवाला दारातच पलंगाच्या पायाला पॉलिश मारत बसला होता. अंगाने आडवा, भुवयांवर भुसा. दादाला पाहताच त्याने हात पुसले. "या आजोबा! आणलेत का डोळे?"

"कसले डोळे?" दादा म्हणाला.

"अहो, असं काय करता? अस्वलाचे!" नक्षीवाला उठला, आतल्या फळीवरून काहीतरी उचललं, फुंकर मारली आणि कामाच्या टेबलावर ठेवलं.

अस्वल. पाठीवर सरळ रेषा, पुढचे पंजे पोटावर. डोळ्यांच्या जागी दोन खळगे.

"हे कुणी सांगितलं करायला?" काकूंनी विचारलं.

"आजोबांनीच. आपण बहीण ना त्यांच्या? त्यांनी तीन जनावरं नेली, अस्वल, घुबड आणि डुक्कर. नंतर परत आले, म्हणाले अस्वल राहिलंच. मी म्हटलं, अहो, अस्वल पहिलंच नेलंत. नाही म्हणाले, बहीण येईल आता, अस्वल पाहिजेच. फार घाबरेघुबरे झाले होते. मला वाटलं, पहिलं पडलं-बिडलं असेल आणि सांगायला लाजत असतील. मापं माझ्याकडे होतीच. डोळे आणून देतो म्हणाले, तेव्हापासून थांबलोय."

"मी नाही सांगितलं," दादा म्हणाला.

"आजोबा, इथेच बसला होतात, या स्टुलावर. चहा घेतलात. बसच्या ब्रेकची ती गोष्ट सांगितलीत."

"मी नाही आलो." दादाने काकूंकडे पाहिलं. लहानपणी खोड्या केल्यावर तो आईसमोर असाच शपथ घ्यायचा, पण तेव्हा त्याच्या डोळ्यांत हसू असायचं. आता नव्हतं. "चिमे, मी नाही आलो गं. आलो होतो का?"

काकूंच्या मनात एकेक गोष्ट सरकत जागेवर बसायला लागली. मुलगा की मुलगी. सूपमध्ये दोनदा पडलेलं मीठ. त्यांनी परवा न्हाणीघरात पाहिलेले, साबणदाणीत ठेवलेले त्याचे खोटे दात. त्या स्वतःच्याच नाकाला इतक्या चिकटून बसल्या होत्या की समोरच्या माणसाकडे त्यांनी बघितलंच नव्हतं.

"आला असशील," त्या म्हणाल्या. "माझ्या धाकाने आला असशील." मग नक्षीवाल्याला म्हणाल्या, "बांधून द्या हे. डोळे मी बसवते."

परत जाताना ते बसने गेले. दादा खिडकीशी बसला, मांडीवर कागदात गुंडाळलेलं अस्वल. एका वळणावर त्याचा उजवा पाय नकळत ब्रेक दाबल्यासारखा खाली गेला.

"आईसारखं?" त्याने हळूच विचारलं.

काकूंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही. उद्या परत जाऊ डॉक्टरांकडे. या वेळी स्टुलावर मी बसेन."

गेले. डॉक्टरांनी चित्रं काढायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले, मोठ्या दवाखान्यात पाठवून डोक्याचा फोटो काढायला लावला. निष्कर्ष काकूंना अपेक्षित होता तोच निघाला: सुरुवात आहे, औषधांनी जरा रेंगाळेल, थांबणार नाही. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बस चालवता येईल का?" त्याला निवृत्त होऊन किती वर्षं झाली, हे कुणीच त्याला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "नका चालवू." तो म्हणाला, "बरं."

लेकीला काकूंनी फोनवर सगळं सांगितलं. लेक रडली, मग म्हणाली, "आई, तू तरी ठीक आहेस ना?" काकूंनी 'हो' म्हटलं आणि फोन ठेवला. एका माणसाच्या डोक्यावरची तलवार टळली आणि तीच शेजारच्याच्या डोक्यावर पडली, तर त्याला ठीक म्हणतात का? आपण सुटलो म्हणून क्षणभर हलकं वाटलं होतं, त्या क्षणाची त्यांना लाज वाटत होती. आणि ती लाज कुणाला सांगावी तर ज्याला सांगायची तोच उद्या विसरणार.

दुसऱ्या अस्वलाला त्यांनी डोळे बसवले. जुन्या दुकानात जाऊन काच मागून आणली, दोन दिवस खिडकीशी बसून घासली. या वेळी मधूनच दादाच्या खोलीकडे लक्ष जात होतं, त्यामुळे दोन्ही डोळे सारखे झाले नाहीत. अस्वल जरासं तिरळं बघायला लागलं. दादाला ते फार आवडलं. ते त्याने स्वतःच्या खोलीत नेलं आणि त्यात दात ठेवायला लागला. निदान ते रोज एका जागी सापडू लागले.

उन्हाळ्याच्या एका दुपारी दोघं शेंगा सोलत बसले होते. दादा एकदम थांबला.

"चिमे, तू माझ्यावर कशावरून तरी रागावली होतीस ना? मोठ्या रस्त्यावर. पुढे पुढे चालत होतीस."

"होते."

"कशावरून गं?"

"माझी जनावरं तू जाळलीस."

"बाप रे!" दादाचा चेहरा खरोखर उतरला. "मग?"

"मग काय. नवी करून आणलीस."

"तुला कळलं?"

"दोन कळली. डुक्कर नाही कळलं."

दादाने यावर बराच विचार केला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं की काकूंना त्याच्याकडे बघवेना. "म्हणजे डुक्कर जमलं," तो म्हणाला.

"जमलं," काकू म्हणाल्या, आणि सोललेले दाणे त्याच्या वाडग्यातून आपल्या वाडग्यात ओतून घेतले, कारण तो टरफलं आणि दाणे एकत्रच टाकत होता.